मांजराला गोळी कशी द्यावी : गोळी घशाखाली गेली म्हणजे काम झाले असे नाही

गेल्या अठरा वर्षांत माझ्या घरी नऊ मांजरे वाढली आणि त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी गोळ्या द्याव्या लागल्या. एका बोक्याला तर थायरॉईडच्या विकारामुळे सलग चार वर्षे, दिवसातून दोनदा. या काळात मला मिळालेल्या सल्ल्यांपैकी बरेचसे निरुपयोगी होते आणि दोन-तीन सरळसरळ घातक होते. "गोळी घशात टाका, तोंड मिटून धरा, गळा चोळा, की झाले" हा त्यांतला सर्वांत प्रचलित सल्ला. त्यातला "झाले" हा शब्द चुकीचा आहे आणि त्याची किंमत माझ्या एका मांजरीने मोजली आहे. म्हणूनच या लेखातला सर्वांत मोठा भाग गोळी गिळल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल आहे.

त्याआधी औषधाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गोळी पशुवैद्याने त्याच मांजराला तपासून, त्याच्या वजनावरून मात्रा ठरवून लिहून दिलेली असली पाहिजे. माणसाच्या औषधातला तुकडा मोडून देण्याचा विचारही मनात आणू नका. पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात जी रासायनिक व्यवस्था असते, ती मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. त्यामुळे औषधापासून तयार होणारे विषारी घटक रक्तातले हिमोग्लोबिन निकामी करतात, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते आणि पाव गोळीही सुरक्षित नाही. आयब्युप्रोफेनलाही हाच नियम लागू आहे. चुकून दिली गेलीच असेल, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखान्याकडे निघावे.

तयारी म्हणजे गोळी, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ५ ते ६ मिली पाणी, एक जाडसर टॉवेल आणि शेवटी द्यायचा खाऊ. हे सगळे मांजराला उचलण्यापूर्वी हाताशी असावे.

आधी खाण्यातून देऊन पाहा

औषध अन्नाबरोबर चालते का, हे पशुवैद्याला विचारून घ्या आणि चालत असेल तर आधी हाच मार्ग वापरा. ओल्या खाद्याच्या बोराएवढ्या चार गोळ्या वळा, पहिल्या दोन साध्या द्या, तिसरीत औषध घाला आणि ती तोंडात असतानाच चौथी नाकासमोर धरा, म्हणजे मांजर तिसरी चघळत बसत नाही. औषधाचा हात लागलेल्या बोटांनी बाकीच्या गोळ्या वळू नयेत, कारण मांजराला तो कडवट वास लगेच कळतो.

गोळी कुटून भरलेल्या वाडग्यात कालवणे मात्र मला अजिबात मान्य नाही. मांजराने अर्धे खाल्ले तर औषध किती पोटात गेले याचा हिशेब लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे, आजारी मांजराला आपल्या अन्नात कडू चव लागली की ते त्या अन्नाकडेच पाठ फिरवते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, लठ्ठ मांजरात तर फारच लवकर, आणि तो आजार मूळ आजारापेक्षा भारी पडू शकतो. शिवाय काही गोळ्यांवरचे आवरण मुद्दाम दिलेले असते, त्यामुळे पशुवैद्याला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी कुटू किंवा मोडू नये. दुधातून देणेही टाळावे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि त्यांचा काही भाग रक्तात पोहोचतच नाही.

धरणे

मानगूट पकडून मांजराला दाबून धरणे किंवा उचलणे बंद करा. पिल्लाला आई तसे उचलते, हा त्यासाठी दिला जाणारा दाखला मोठ्या मांजराला लागू पडत नाही. त्याला त्यातून फक्त भीती आणि वेदना मिळते. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स या मांजरांच्या वैद्यकातल्या दोन संस्थांनी २०२२ साली हाताळणीविषयी जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही मानगूट धरण्याच्या पद्धतीला विरोधच केलेला आहे. मांजराला टेबलावर किंवा मांडीवर, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकेल आणि तोंड तुमच्यापासून दूर राहील असे बसवा. नखे मारणारे असेल तर टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळा. गळ्याशी दोन बोटे सहज जातील इतपतच आवळा.

तोंड उघडणे आणि गोळी ठेवणे

पहिली दोन वर्षे मी इथेच अडकलो होतो, कारण मी खालचा जबडा खाली ओढून तोंड उघडायचा प्रयत्न करत होतो. मांजराचा जबडा जोर लावून उघडता येत नाही. तो आपोआप सैल पडेल अशी मानेची स्थिती करावी लागते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा तळवा मांजराच्या डोक्यावर वरून, टोपीसारखा ठेवावा. अंगठा आणि मधले बोट दोन्ही बाजूंच्या गालफडांच्या हाडांवर, तोंडाच्या कोपऱ्यांच्या किंचित वर टेकवावे. मिशा बोटांखाली चुरगळू देऊ नयेत, त्या फार हळव्या असतात. आता नाक छताकडे वळेल इतके डोके सावकाश मागे झुकवा. एका ठरावीक कोनाला खालचा जबडा स्वतःहून थोडासा उघडतो. ती फट दिसली की थांबा, त्यापुढे मान वाकवायची नाही.

उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत गोळी धरा आणि त्याच हाताचे मधले बोट खालच्या सुळ्यांच्या मधल्या बारीक दातांवर ठेवून जबडा हलकेच खाली करा. बोट सुळ्यांच्या मागे, बाजूला कधीही जाऊ देऊ नका. तिथल्या दाढा कात्रीसारख्या चालतात. जिभेकडे पाहिलेत तर मागच्या बाजूला तिचा एक उंचवटा दिसतो. गोळी त्या उंचवट्याच्या पलीकडे आणि बरोबर मध्यावर पडली पाहिजे. अलीकडे पडली तर जीभ ती पुढे ढकलून देते, बाजूला पडली तर दाढेखाली फुटते आणि कडू चवीने सारा डाव उधळतो. गोळी लांबून फेकू नये, नेऊन ठेवावी. हात आत घालायची भीती वाटत असेल, तर मऊ टोकाची गोळी देण्याची नळी वापरावी. त्यात कमीपणा काही नाही.

गोळी ठेवली की हात बाहेर, तोंड मिटलेले आणि डोके लगेच पुन्हा सरळ पातळीवर. पुष्कळ जण इथे डोके वर धरूनच ठेवतात. तुम्हीच छताकडे पाहत आवंढा गिळून पाहा, म्हणजे मांजराला काय अडचण होते ते कळेल. नाक दाबून धरण्याचा सल्लाही पाळू नका, त्याने मांजर गुदमरून झटका देते आणि गोळी श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो. मांजराने जिभेने नाक चाटले की गोळी गिळली असे समजावे.

पाणी

गिळली याचा अर्थ ती अन्ननलिकेत शिरली, एवढाच. पोटात पोहोचली असा होत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांना कोरड्या गोळ्या देऊन त्यांचा प्रवास क्ष-किरणांखाली पाहिला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक गोळ्या पाच मिनिटांनंतरही अन्ननलिकेतच होत्या. तेच गोळीमागून ६ मिली पाणी दिल्यावर बहुतेक गोळ्या अर्ध्या मिनिटात पोटात उतरल्या. मांजर मात्र दोन्ही वेळा सारखेच शांत दिसते. अडकलेल्या गोळीची जाणीव ते आपल्याला करून देत नाही.

अडकलेली गोळी तिथेच विरघळते. डॉक्सिसायक्लिन हायक्लेट (डॉक्सिसायक्लिनचा एक क्षार) ओले झाले की तीव्र आम्लधर्मी होते आणि अन्ननलिकेचे नाजूक अस्तर अक्षरशः भाजते. क्लिंडामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकानेही अशी इजा होते. भाजलेली जागा भरून येताना आवळते, व्रणाचा कडक पट्टा तयार होतो आणि नळी अरुंद होते.

माझ्या तिरंगी मांजरीला सर्दीसाठी दहा दिवस डॉक्सिसायक्लिन दिले होते. गोळी देण्यात माझा हात तोवर चांगला बसला होता, पाच सेकंदांत काम व्हायचे, आणि पाण्याबद्दल मला कोणी बजावले नव्हते. सर्दी बरी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती भुकेने वाडग्यावर तुटून पडायची आणि चार-पाच मिनिटांत सगळे परत यायचे. त्याआधी ना पोट ढवळल्याचे हिसके, ना आवाज. मान खाली घालायची आणि न पचलेले अन्न नळीच्या आकारात, फेसकट लाळेत लडबडलेले, तसेच्या तसे बाहेर यायचे. मी ती उलटी समजलो आणि खाद्य बदलण्यात नऊ दिवस घालवले. दुर्बिणीतून पाहिल्यावर अन्ननलिकेची वाट पेन्सिलीच्या शिशाएवढी उरलेली दिसली. भूल देऊन, आत फुगा फुगवून ती वाट रुंद करण्याची प्रक्रिया तिच्यावर तीनदा करावी लागली आणि त्यानंतरही कित्येक महिने तिला फक्त पातळ केलेले अन्न जात असे. या सगळ्याला रोजचे एक चमचा पाणी पुरले असते.

म्हणून पाणी द्यायचे, प्रत्येक गोळीनंतर, औषध कोणतेही असो. डोके सरळ असतानाच सिरिंजचे टोक ओठाच्या कडेने, सुळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेत गालाच्या आत सरकवा आणि अर्धा-अर्धा मिली करून, मधे गिळायला वेळ देत, ५ ते ६ मिली पाणी सोडा. डोके वर केलेले असताना पाणी कधीही सोडू नका आणि एका दमात दट्ट्या दाबू नका, नाहीतर ते फुप्फुसात जाते. अर्धे पाणी हनुवटीवरून ओघळेल, तेवढे आणखी द्यावे. पशुवैद्याने अन्नाची मुभा दिली असेल, तर पाण्यानंतर लगेच दोन-तीन घास ओले खाद्य खाऊ घालणे उत्तम, आणि मांजर पाण्याला फारच विरोध करत असेल तर नुसते खाद्यही चालते. गोळीला लोणी माखल्याने ती घशातून सहज सरकते हे खरे, पण लोणी पाण्याची जागा घेत नाही. द्रव पॅरॅफिन (पोट साफ होण्यासाठी वापरतात ते खनिज तेल) तर सिरिंजने कधीच देऊ नये; त्याला चव नसल्याने गिळण्याची क्रिया सुरू होत नाही आणि ते नकळत फुप्फुसात उतरते.

बिघडले तर

तोंडाला भराभर फेस आला तर बहुधा गोळीची कडू चव जिभेला लागली आहे. मेट्रोनिडाझोल या अतिशय कडू प्रतिजैविकाने हे हमखास होते, ते विष नव्हे आणि काही मिनिटांत थांबते. याउलट गोळीनंतर खोकला सुटला, मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले किंवा मान ताणून वारंवार आवंढे गिळत राहिले, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा.

तीन प्रयत्नांत जमले नाही तर सोडून द्या आणि तासाभराने पुन्हा बसा. चौथ्या प्रयत्नापर्यंत गोळी चिकट झालेली असते, मांजर घाबरलेले असते आणि तुम्ही चिडलेले असता. अर्धवट विरघळलेली गोळी बाहेर आली किंवा काही वेळाने उलटी झाली, तर दुसरी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका, आधी पशुवैद्याला फोन करा.

मांजर चावलेच तर जखम लहान दिसते म्हणून दुर्लक्ष करू नये. सुळे अणकुचीदार असतात, छिद्र वरून लगेच मिटते आणि जंतू आत खोल राहतात. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, विशेषतः चावा बोटाच्या सांध्याजवळ असेल तर. रेबीजच्या लसीचा निर्णयही त्यांच्यावरच सोपवावा.

गोळी देणे अशक्यच असेल तर

काही मांजरे कितीही कौशल्य वापरले तरी गोळी घेत नाहीत, आणि त्यांच्याशी रोज दोनदा झटापट करून घरातला विश्वास संपवण्यापेक्षा पशुवैद्याला दुसरा मार्ग विचारावा. काही औषधे द्रवरूपात मिळतात. प्रतिजैविकांमध्ये सेफोव्हेसिनचे एक इंजेक्शन सुमारे दोन आठवडे काम करते. ते प्रत्येक संसर्गाला योग्य नसते, पण विचारायला हरकत नाही. थायरॉईडच्या मेथिमाझोलचे जेल कानाच्या पाळीच्या आतल्या, केस नसलेल्या भागावर लावता येते. माझ्या बोक्याला शेवटच्या वर्षात मी तेच लावत असे. लावताना हातमोजा घालावा, कारण ते आपल्याही त्वचेतून शरीरात जाते, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते औषध हाताळूच नये. रोज कान बदलावा आणि कालचा वाळलेला थर ओल्या कापसाने पुसून मगच नवे लावावे.