आधी गड, मग अंगणातला किल्ला: लहान मुलांबरोबर या चुका टाळा

सहामाही परीक्षा संपली की घरोघरी दोन बेत एकदम शिजतात. पोरांना कुठल्यातरी गडावर न्यायचं आणि दारात किल्ला करायचा. बहुतेक घरांत या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसतो आणि क्रमही उलटा असतो: वसुबारसेच्या आदल्या रात्री घाईघाईत किल्ला आणि भाऊबीज उरकल्यावर गर्दीतला सिंहगड. चार ते दहा वर्षांचं मूल घरात असेल तर आधी गड आणि मग किल्ला, असं माझं मत आहे. ज्या पोराने खरा बुरूज हाताने चाचपलाय त्याचा मातीचा बुरूज वेगळाच होतो. एरवी मोबाइलवरचा फोटो बघून बाबांनी थापलेल्या ढिगाऱ्यालाच किल्ला म्हणायची वेळ येते.

क्रम बरोबर लागला तरी काही जागा अशा आहेत की जिथे सगळ्यांचंच फसतं.

गड निवडताना

पोरांच्या नावाखाली मोठे आपली हौस भागवतात, ही पहिली चूक. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या किंवा कलावंतीण हे सहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे बेत नव्हेत, रीलमध्ये कितीही छान दिसोत. राजगड देखणा आहे, पण बालेकिल्ल्याचा शेवटचा टप्पा अंगावर येणारा आहे. त्याला आणखी काही वर्षं थांबता येतं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून ‘बाराच्या बारा करू’ अशी एक टूम निघाली आहे. टूम वाईट नाही, पण ती यादी सोप्याकडून अवघडाकडे अशी लावलेली नाही. तिच्यात लोहगड आहे आणि महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला साल्हेरही आहे.

पहिला गड म्हणून मी डोळे झाकून लोहगड सांगेन. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्याच आहेत आणि वाटेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. विंचूकाटा, म्हणजे गडाची लांब निमुळती सोंड, वरूनच दाखवा, तिकडे उतरणारा कातळाचा टप्पा लहानांसाठी नाही. शिवनेरीवर सात दरवाजे मोजत जाता येतं, फक्त साखळीची वाट सोडून पायऱ्यांच्या वाटेने जा. रायगडाला रोपवे आहे, पण सुट्टीत तिथल्या रांगेतच मुलं दमतात, म्हणून सकाळी पहिल्या फेऱ्यांत नंबर लागेल असं बघा.

‘बाबा, अजून किती राहिलं?’

याला ‘हे काय, आलंच!’ असं उत्तर दिलं की पुढच्या वळणावर तुमचा शब्द संपतो. मुलाला माथा दिसत नसतो, त्याला पुढचा दरवाजा दिसतो. तेवढंच लक्ष्य द्या: ‘त्या कमानीत बसून संत्रं सोलू.’ कुणी वाट अर्ध्या तासाची सांगितली असेल तर तो हिशेब मोठ्यांच्या पायांचा आहे. लहानांबरोबर दुप्पट-अडीचपट वेळ धरा आणि ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत, सातच्या सुमाराला पायथ्याशी असा. उशिरा निघालात तर दहाच्या उन्हात मूल कडेवर घेऊन पायऱ्या चढायची तयारी ठेवा.

नवे कोरे बूट त्याच दिवशी घालू नका, ते आठवडाभर आधी घरात घालून फिरवा. चढताना सगळे मुलांना सांभाळतात, आणि पडायचं ते उतरताना पडतात. गुडघे दमलेले, पायाखाली बारीक खडीचा घसारा आणि पोरं धावत सुटलेली. उतरताना एक मोठा माणूस कायम मुलाच्या पुढे आणि एक मागे हवा, आणि पुढच्याला ओलांडायचं नाही हा नियम गाडीतून उतरण्याआधीच ठरवून घ्यावा.

पाणी प्रत्येकाचं वेगळं घ्या, मुलाला निदान लिटरभर. सोबत लिंबू-साखर-मिठाचं किंवा कोकमाचं सरबत असलं की वेफर्सची पाकिटं लागत नाहीत. तशीही माकडांना ती लांबूनच ओळखता येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी धरून चालणारं मूल हे माकडांचं पहिलं गिऱ्हाईक, म्हणून खाऊ सॅकच्या आत. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी पिऊ देऊ नका. त्याहून मोठी काळजी टाक्याच्या काठाची: शेवाळामुळे तो निसरडा असतो आणि हिरव्या पाण्याचा तळ दिसत नाही. काठावर मुलाचा हात हातात हवा, नुसतं लक्ष पुरत नाही.

आग्या मोहोळाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. गडाच्या कड्यांवर ती पोळी असतातच. धूर, आरडाओरडा, दगड मारणं आणि अंगावरचे उग्र वास यांनी माश्या बिथरतात. म्हणून त्या दिवशी अत्तर-डिओ घरीच, आणि वर चूल मांडायचा विचारही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. मुलाचं तोंड आणि डोकं ओढणी-टॉवेलने झाका आणि तिथून लांब निघा. रुतलेले काटे नखाने खरवडून लगेच काढा. ओठ-चेहरा सुजायला लागला किंवा श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तटातल्या भोकांत हात घालू द्यायचे नाहीत, दगडावर बसण्याआधी काठीने आपटायचं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता मुलाला उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

गडावर शिकवणी घेऊ नका

माथ्यावर पोहोचल्यावर आईबाबांच्या अंगात गाइड संचारतो. सनावळ्या, तह, लढाया सुरू होतात आणि तोवर मुलं दगडावरच्या सरड्याच्या मागे गेलेली असतात. त्यापेक्षा दोनच गोष्टी दाखवा, पण नीट दाखवा.

पहिली, दरवाजा लपलेला का असतो. लोहगडावर महादरवाजाच्या वर उभं राहून खाली बघितलं की आपण चढून आलो ती वाट तटांच्या कुशीत नागमोडी वळलेली दिसते. मुलाला विचारा, शत्रूचा हत्ती पळत येऊन धडक कुठून मारील? रायगडाच्या महादरवाजाला तर दोन बुरुजांनी पोटात घेतलंय; समोरून दरवाजा दिसतच नाही, मग तोफेचा नेम धरायचा कशावर? दुसरी गोष्ट जंगी, म्हणजे तटातलं बंदुकीचं भोक. मुलाला तिला डोळा लावू द्या. आतून बघितलं की खालची वाट दिसते, कारण भोक तिरकं, खाली उतरतं केलेलं असतं. बाहेरच्याला मात्र आतला माणूस दिसत नाही. ही गोष्ट सांगून कळत नाही, दगडाला नाक लावूनच कळते. आणि मग अंगणातल्या तटाला कांडीपेन्सिलीने भोकं पाडताना पोरगी ती तिरकीच पाडते.

मातीचा किल्ला बिघडतो कुठे

तो बहुतेक वेळा मातीतच बिघडतो. शेतातली काळी माती चिकट म्हणून लोक हौसेने आणतात. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि दोन दिवसांत तटाला बोट जाईल अशा भेगा पडतात. निम्म्याहून जास्त लाल माती किंवा चाळलेला मुरूम घ्या, त्यात भुसा किंवा कापलेलं सुकं गवत कालवा. भेगा पडल्याच तर कोरडी माती कोंबू नका, ती गळून पडते. भेग आधी ओली करा, मग मातीची पातळ राबडी बोटाने आत सारा. हे काम लहान बोटांनाच चांगलं जमतं.

सगळा डोंगर मातीचाच रचला की तो आपल्या वजनाने खचतो. आतला सांगाडा विटा, दगड, फुटक्या कुंड्या, उलटी बादली असा करा, त्यावर मातीच्या राबडीत बुचकळलेलं गोणपाट पसरा आणि वर बोटभर लेप द्या. बुरुजासाठी पुठ्ठ्याच्या नळ्या वापरू नका, ओल लागली की त्या बसतात. प्लॅस्टिकचा डबा चालतो, पण गुळगुळीत प्लॅस्टिकवर माती धरत नाही. त्याला आधी सुतळी गुंडाळा, मग लिंपा.

फ्लॅटवाल्यांनी वजनाचा विचार करावा. घमेलंभर ओली माती वीस किलोच्या घरात सहज जाते. अशी दहा घमेली गॅलरीच्या एका कोपऱ्यात ओतू नयेत. खोकी, थर्मोकोलचे तुकडे आणि वर्तमानपत्राचे बोळे यांचा डोंगर करून वर मातीचं गोणपाट टाकलं तरी मुलांचं काही अडत नाही. खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर खालच्या काकूंच्या छताला ओल येते आणि दिवाळीचा फराळ देताना ऐकून घ्यावं लागतं.

आता हिरवळ. इथे सगळ्यात जास्त हिरमोड होतो. धनत्रयोदशीला मोहरी टाकली तर पाडव्याला जेमतेम मोड दिसतात. अळीव किंवा मोहरी निदान पाच-सहा दिवस आधी पडायला हवी. उतारावर अळीव उत्तम, आणि ते पेरायची एक खुबी आहे. वाटीत थोड्या पाण्यात ते अर्धा तास भिजू द्या. दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि सगळं मिळून चिकट गोळा होतो. तो ओल्या गोणपाटावर चमच्याच्या पाठीने पातळ फासायचा. उभ्या कड्यावरही दाणा घसरत नाही. पहिले दोन दिवस वर ओलं फडकं झाका, म्हणजे चिमण्या-कबुतरांपासून वाचतं आणि ओलही टिकते. मोड दिसले की फडकं काढा, नाहीतर पिवळं पडतं. पाणी तांब्याने ओतलं की रोपांसकट लेप खाली येतो. जुनी फवाऱ्याची बाटली मुलाच्या हातात द्या आणि सकाळ-संध्याकाळचं हे काम पूर्ण त्याच्याकडे सोपवा. पांढरी बुरशी धरली तर पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय.

परतीच्या पावसाच्या भीतीने लोक किल्ला दिवसरात्र प्लॅस्टिकखाली कोंडतात; बुरशीचं तेही एक कारण. प्लॅस्टिक रात्री झाका, दिवसा काढा. किल्ल्याच्या मागच्या बाजूने पाणी वाहून जाईल असा चर मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

तटाला पांढरा रंग द्यायला कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका. पाण्यात पडला की तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते. पांढरी रांगोळी पाण्यात कालवून हात मारला तरी काम भागतं. पणत्या गोणपाटाच्या सुक्या कडांपासून लांब, सपाट दगडावर ठेवा.

आणि एक चूक आईबाबांची. सोसायटीत स्पर्धा असली की संध्याकाळी सातनंतर मुलं बाजूला उभी आणि दोन इंजिनिअर बाबा कारंज्याची मोटर जोडताहेत, असं दृश्य दिसतं. तुम्ही विटा उचला, गोणपाट कापा, तारा जोडा. दरवाजा कुठे, विहीर कुठे आणि मावळे पहाऱ्याला कुठे उभे, हे ठरवणं मुलांचं. मावळा दरवाज्याहून उंच झाला तर होऊ दे. पायथ्याच्या जंगलात वाघाशेजारी डायनासोर उभा राहिला तरी महाराजांचं सिंहासन काही डळमळत नाही. बक्षीस गेलं तर गेलं.

तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडायचा. तो सुतळी बॉम्ब लावून उडवायची जुनी खोड अजून काही गल्ल्यांत आहे. आतल्या विटांचे आणि कुंड्यांचे तुकडे नेमके बघायला जमलेल्या पोरांच्याच तोंडाच्या उंचीवर उडतात, तेव्हा ती मुळीच नको. खुरप्याने मुलांनाच मोडू द्या. माती कुंड्यांत जाते, गोणपाट वाळवून माळ्यावर. चित्रं, म्हणजे किल्ल्यावरचे मावळे, प्लॅस्टरची असतील तर पाण्याखाली धरू नका, रंगासकट झिजतात. कोरड्या ब्रशने माती झाडा आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवा.