आलेख-लायब्ररीचे बाइंडिंग लिहिताना

ऐरोली-महापे पट्ट्यातील ज्या मंडळींना प्लॉटली डॉट जेएस ही आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी आपल्या प्रोग्रामिंग भाषेतून वापरायची आहे, म्हणजेच तिचे बाइंडिंग (दोन भाषांना जोडणारा कोड) लिहायचे आहे, त्यांनी प्रत्येक आलेखप्रकारासाठी हाताने फंक्शन लिहीत बसू नये. प्लॉटलीतील आलेख म्हणजे मुळात ‘डेटा’ आणि ‘लेआउट’ (मांडणी) असलेला जेसन मजकूर, म्हणजे ठरावीक रचनेत लिहिलेली माहिती, असतो आणि गुणधर्मांचा स्कीमाही (कोणता गुणधर्म कोणती मूल्ये घेतो याचा आराखडा) लायब्ररीसोबत मिळतो. त्यावरून क्लास आपोआप तयार करून घ्यावेत. पायथॉनचे अधिकृत बाइंडिंगही असेच बनते आणि मला हाच मार्ग टिकाऊ वाटतो.

खरी काळजी लागते ती मूल्यांच्या रूपांतरात. ठाण्याच्या पर्जन्यमापकाची एखादी नोंद राहून गेली असेल, तर तिथे ‘नल’ (मूल्य नाही) पाठवावे, कारण जेसनमध्ये ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असे दाखवणारे मूल्य) बसत नाही आणि शून्याचा अर्थ पाऊस पडलाच नाही असा होतो. तारखांना तर विशेष जपावे: १ जुलैची मध्यरात्र यूटीसीत (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) बदलून पाठवली, तर प्लॉटली टाइमझोन विचारात घेत नसल्यामुळे तो बिंदू ३० जूनच्या सायंकाळी साडेसहाला उमटतो. म्हणून स्थानिक वेळ मजकुराच्या रूपातच पाठवावी. ९००७१९९२५४७४०९९१ हून मोठे ओळखक्रमांकही मजकुराच्या रूपातच पाठवावेत, अन्यथा जावास्क्रिप्टमध्ये त्यांचे शेवटचे अंक कोणतीही सूचना न देता बदलू शकतात.