पित्ताशयाचं ओपन ऑपरेशन ठरलंय? मग पेशंटनं आणि घरच्यांनी हे बघून ठेवा

पित्ताशयात खडे निघाले म्हटलं की आपल्याकडं पहिला सल्ला काय येतो, तर कुळथाचं पाणी प्या, पानफुटी खा. अहो तो मुतखड्याचा सल्ला झाला. पित्ताशयातला खडा लघवीच्या वाटेला जातच नाही तर पाण्यानं पडणार कुठनं? आणि नुसते खडे काढून पिशवी ठेवली तर परत होतात, म्हणून त्रास सुरू झाला की अख्खी पिशवीच काढतात.

आता बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीनं होतात हे खरं, त्यामुळं डॉक्टरनी ओपन, म्हणजे मोठा छेद घेऊन पोट उघडून, म्हटलं की घरात कुजबुज सुरू, "ह्या डॉक्टरला दुर्बीण येत नाही वाटतं." तसं नसतंय. पिशवी सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलेली असते, आधीच्या ऑपरेशनांमुळं आत सगळं एकमेकाला धरून बसलेलं असतं, रक्त थांबत नाही किंवा कॅन्सरची शंका असते. पिशवीची नळी आणि लिव्हरकडनं येणारी मुख्य पित्तनलिका अगदी शेजारी शेजारी असतात, दुर्बिणीतनं कुठली कुठली ते कळेना आणि चुकून मुख्य नळी कापली गेली तर ते लई मोठं दुखणं होऊन बसतं, म्हणून अशा वेळी पोट उघडणारा डॉक्टर शहाणा समजायचा. हे ऑपरेशन पहिल्यांदा १८८२ ला बर्लिनमध्ये लांगेनबुख नावाच्या सर्जननं केलं आणि पुढं शंभर वर्षं हीच एक पद्धत होती. भारतात दुर्बिणीनं पित्ताशय काढायची सुरुवात १९९० ला मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केली, त्याआधीच्या सगळ्यांना पोटावर मोठा व्रण असायचाच. आणि दुर्बिणीचं ठरलं असलं तरी सहीच्या कागदावर "गरज पडल्यास ओपन" असं असतं, ते वाचूनच सही करा.

डॉक्टरना आधी विचारायचं ते असं: ओपन का? मुख्य नळीत खडा आहे का, असला तर तो एंडोस्कोपीनं, म्हणजे तोंडातनं नळी घालून, आधी काढणार की ह्याच वेळी? रक्ताची बाटली लागेल का? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी बंद करायची हे त्यांनाच ठरवू दे, स्वतःच्या मनानं बंद पण करू नका आणि लपवू पण नका. शुगरच्या गोळ्या, काढे, झाडपाल्याची औषधं, सगळं सांगा. तंबाखू, बिडी बंद, आणि मिश्री पण. बायका मिश्रीला व्यसनात धरतच नाहीत, भूल देणाऱ्या डॉक्टरनी विचारलं की "कसलं व्यसन नाही" म्हणून मोकळ्या. सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतनं करायचं असेल तर आमच्या कोल्हापूरचा सीपीआर हा सरकारी दवाखाना असो की योजनेतला खाजगी, भरती व्हायच्या आधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठून रेशन कार्ड, आधार दाखवा, डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव नको.

ऑपरेशनच्या आधी साधारण सहा तास खाणं बंद, जेवण तळकट असेल तर त्याहून जास्त, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या दवाखान्यात जी वेळ सांगतील तीच पाळा. गंठण, जोडवी, कवळी काढून घरच्यांकडं. ऑपरेशन बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊन असतं, उजव्या बरगडीखाली तिरका छेद घेतात, तास-दोन तास लागतात, चिकटलेलं जास्त असेल तर अजून वेळ. बाहेर बसून घड्याळ बघत घाबरू नका.

आता खरी गोष्ट इथनं पुढं. छेद बरगडीखाली असल्यामुळं मोठा श्वास घेतला की टाके ओढतात, म्हणून पेशंट नकळत वरवरचा श्वास घ्यायला लागतो, खोकला दाबतो. मग छातीत कफ साठतो, ताप येतो, न्युमोनिया होतो. आमच्या आत्तीला सिस्टरनी पहिल्याच संध्याकाळी तीन बॉलचं ते श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं आणि आत्तीनं ते उशाला ठेवून दिलं, खेळणं असल्यासारखं. ते दर तासाला, जागेपणी, दहा वेळा तरी करायचं. फुंकायचं नाही, हळूहळू आत ओढायचं आणि दोन-तीन सेकंद धरायचं. खोकला आला की उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून खोकायचं, दाबून ठेवायचा नाही. दुखणं सहन करून मोठेपणा मिळत नाही, दुखतंय म्हणून श्वास घेता येत नसेल तर सिस्टरना सांगून इंजेक्शन मागून घ्या आणि मग बॉल उचला. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन बसायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी चालवतात, तेव्हा "अशक्त आहे, झोपू दे" म्हणणाऱ्या पाहुण्यांना बाहेर काढा. आणि गावाकडनं जीप भरून भेटायला येणाऱ्यांत जो एक विनोदी मामा असतो ना, त्याला तर पहिले चार दिवस लांबच ठेवा, हसताना टाक्यांवर काय होतं ते पेशंटलाच विचारा!

पोटात साठलेलं पाणी बाहेर बाटलीत काढायची ड्रेनची नळी असेल तर ती ओढली जाणार नाही एवढं बघा आणि बाटलीतल्या पाण्याचा रंग बघत जा. लालसर असतं ते हळूहळू फिकं होतं, हिरवट-पिवळं दिसलं तर लगेच सांगा, पित्त गळत असू शकतं.

सगळं ठीक असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी. गाडीतनं नेताना पण पोटावर उशी, गारगोटी नाहीतर राधानगरीला जायचं असेल तर खड्डे मोजत जावं लागतं.

खाण्याचं म्हणाल तर पिशवी गेली तरी पित्त लिव्हर करतच राहतं, फक्त साठवायची जागा जाते आणि ते थोडं थोडं सारखं आतड्यात येत राहतं. म्हणून सुरुवातीला पेज, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, थोडं थोडं चार वेळा. तेलकटानं काहींना जुलाब होतात, बहुतेकांचं ते कमी होतं, नाही झालं तर औषध असतं. इथं लोक हमखास फसतात ते म्हणजे तांबडा तिखट म्हणून सोडतात आणि पांढरा रस्सा "सौम्य" म्हणून वाट्या रिचवतात. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळी चरबीच की! मिसळीचा कट आणि गंगावेशीतलं म्हशीचं दूध पण महिनाभर राहू दे. जन्मभराचं पथ्य मात्र नाही, नंतर एकेक चालू करून बघा.

दीड महिना तरी चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे भरलेली बादली नाही, सिलेंडर नाही, वैरणीचा भारा तर नाहीच, नाहीतर त्या जागी हर्निया होतो. दुकानात बसायचं काम असेल तर साधारण महिन्यानं जमतं, शेतीच्या कामाला दोन महिने धरा. रंकाळ्यावर चालायला जा, पोहायला नाही.

थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरकी, पोट फुगणं, उलट्या थांबत नाहीत, जखमेतनं पू, पिंढरी सुजून दुखणं किंवा दम लागणं, यातलं एक जरी झालं तरी टाके काढायच्या तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखान्यात जायचं.

आणि डबीत घालून दिलेले खडे सगळ्यांना दाखवत फिरता ते फिरा, पण काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का ते विचारा. तो रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तोवर पेशंट घरी गेलेला असतो, म्हणून लोक तो आणायचंच विसरतात. टाके काढायला जाल तेव्हा मागून घ्या आणि डॉक्टरना दाखवूनच फाइलला लावा.