तालावर टाप जुळवताना

आठ स्वारांनी संगीताच्या तालावर रांगेत घोडे चालवत आकृत्या करायच्या असतील, तर गाणं आधी ठरवून घोड्यांना त्यावर चालवायला जाऊ नका. आधी चाल मोजा, मग तिला साजेसं गाणं शोधा. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, पुढचा उजवा पाय मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजून दुप्पट करा. ७५ वेळा टेकला तर गाण्याचे ठोके मिनिटाला १५०. आठ घोड्यांचे आकडे वेगवेगळे येतील. गाणं सर्वांत संथ घोड्याला जुळणारं घ्या. चपळ घोडा आवरता येतो, पण संथ घोड्याला सारखी टाच मारली की तो ट्रॉट सोडून कँटरमध्ये, म्हणजे हलक्या दौडीत, शिरतो आणि ओळ फुटते. एखादा ठेका जरा कमी पडला तर गाण्याचा वेग चार-पाच टक्के वाढवून चालतं.

मैदान २० बाय ४० मीटर. दोन घोड्यांत एक घोडाभर, म्हणजे साधारण अडीच मीटर अंतर ठेवलं, तर आठांची रांग जवळजवळ अख्खी लांब बाजू व्यापते. आकृत्या कागदावर काढा आणि सगळ्यांना आधी पायी चालायला लावा. पायी जे चुकतं ते घोड्यावर हमखास चुकतं.

अंतर बिघडतं ते कोपऱ्यात. मागे पडलेल्याने कोपरा कापावा, फार जवळ आलेल्याने कोपऱ्यात खोल जावं. वेग वाढवून-घटवून अंतर सांभाळू नका. तो धक्का मागच्या प्रत्येक घोड्यापर्यंत वाढत पोचतो.

सर्वांत अवघड म्हणजे कर्णावरची फुली, दोन रांगा एकमेकींतून आरपार जातात ती. इथे अंतर दोन घोडे करा. समोरून आडव्या जाणाऱ्या घोड्याच्या शेपटीवर नजर ठेवून सरळ चालवा. मोकळ्या जागेकडे पाहून चालवलं तर तुम्ही पोचेपर्यंत तिथे पुढचा घोडा आलेला असतो. आठवडाभर ही फुली फक्त वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालीत, करा. लाथ मारणारा घोडा एरवी शेपटीला लाल फीत बांधून शेवटी ठेवता येतो, फुलीत मात्र त्याला घेऊच नका.

चार घोडे शेजारी शेजारी राहून एकत्र फिरतात त्या चक्रात आतल्याने जवळपास जागीच वळायचं असतं. बाहेरचा धावतोय असं दिसलं तर चूक बहुधा आतल्याची असते: तो पुरेसा थांबलेला नसतो.

ढोल-ताशा वापरायचा असेल तर दहा-बारा दिवस चाऱ्याच्या वेळी तबेल्यात हळू आवाजात लावा, आवाज रोज थोडा वाढवा, घोड्याची निगा राखणारा सईस जवळ असू द्या. पुण्यात गणपतीआधी नदीकाठी पथकांचा सराव चालतो. त्या आवाजाने बिथरलेल्या घोड्याला त्या दिवशी फुलीत घेऊ नका. स्पीकर कुंपणाला चिकटून ठेवला की घोडे तिथे आत सरकतात आणि रांग वाकडी होते. तो पाच मीटर बाहेर, लांब बाजूच्या मध्यावर ठेवा.

शेवटच्या थांब्याची खूण सुराच्या अखेरीस देऊ नका. तीन पावलं आधी द्या, म्हणजे शेवटच्या ठोक्याला आठही घोडे उभे असतील.