व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांची तुलना कशी करावी

तुलनेचा प्रश्न आला की बहुतेक विद्यार्थी रकाने आखून फ्रॉइड, स्किनर, रॉजर्स आणि ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या संज्ञा शेजारी शेजारी मांडतात. त्यातून चार सारांश तयार होतात, तुलना मात्र होत नाही. म्हणून आधी एकच प्रकरण निवडावे आणि तेच प्रत्येक दृष्टिकोनापुढे ठेवावे.

‘छोटा हान्स’ हे फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रकरण यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटते. व्हिएन्नातील या पाच वर्षांच्या मुलाला घोडा चावेल अशी भीती वाटू लागली आणि तो घराबाहेर पडेना. फ्रॉइड यांच्या मते घोडा हे वडिलांचे प्रतीक होते. आईविषयीची ओढ आणि वडिलांचा धाक यांतील संघर्ष नेणिवेत दडपला जाऊन या भीतीच्या रूपाने वर आला होता. जोसेफ वोल्पी आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी १९६० मध्ये तीच नोंद तपासून वेगळाच मुद्दा पुढे आणला: जड गाडी ओढणारा घोडा रस्त्यात कोसळताना हान्सने पाहिला होता, आणि भीती समजण्यासाठी अभिसंधान, म्हणजे एखादी गोष्ट भयावह अनुभवाशी जोडली जाऊन तिचीच भीती बसणे, पुरेसे होते.

आता पुरावा कोठून आला ते पाहावे. हान्सविषयीची बहुतेक माहिती वडिलांच्या टिपणांतून आली होती, ते स्वतः फ्रॉइड यांचे अनुयायी होते, आणि या उपचारकाळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटले होते. हीच कसोटी अभिसंधानावर भर देणाऱ्या वर्तनवादालाही लावावी, कारण अभिसंधानाने भीती निर्माण करण्याचा वॉटसन आणि रेनर यांचा १९२० चा प्रसिद्ध प्रयोग एकाच बालकावर झाला होता.

त्यानंतर प्रत्येक दृष्टिकोन कोठे गप्प बसतो ते शोधावे. घोडा पडताना इतर मुलांनीही पाहिला असेल, मग भीती हान्सलाच का बसली, याचे उत्तर केवळ अभिसंधान देत नाही. काही माणसे स्वभावतःच लवकर घाबरतात किंवा अस्वस्थ होतात, ही मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांची भावनिक अस्थिरतेची कल्पना तेथे कामी येते, पण भीती घोड्याचीच का, हे ती सांगत नाही. रॉजर्स यांचा मानवतावाद मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला केंद्रस्थानी आणतो. त्याची पडताळणी मात्र अवघड आहे.

उत्तर लिहिताना प्रत्येक परिच्छेद सिद्धांताच्या नावाने नव्हे, तर ‘पुरावा कोठून आला?’ अशा एका प्रश्नाने सुरू करावा आणि कोणते निरीक्षण हाती आल्यास तो सिद्धांत चुकीचा ठरेल, हेही तेथेच नोंदवावे.