अठरा वर्षांखालील मुलांसाठी मिस्टरी शॉपिंग: वयाची अट, खऱ्या संधी आणि पूर्वतयारी

दुकानात, उपाहारगृहात किंवा बँकेच्या शाखेत साधा ग्राहक म्हणून जायचे, तेथे मिळणारी सेवा बारकाईने पाहायची आणि ठरलेल्या मुदतीत तिचा लेखी अहवाल द्यायचा, या कामाला मिस्टरी शॉपिंग म्हणतात. ज्या कंपनीच्या दुकानाची तपासणी होते, ती सहसा हे काम करणाऱ्या व्यक्तीशी, म्हणजे शॉपरशी, थेट व्यवहार करत नाही. ती हे काम एका तपासणी संस्थेकडे सोपवते आणि ती संस्था आपल्याकडे नोंदणी केलेल्या शॉपरना एकेका ठिकाणी भेट देण्याचे काम वाटून देते. अहवाल मंजूर झाला की शॉपरला ठरलेले मानधन मिळते, आणि खरेदी करणे कामाचाच भाग असेल तर तिचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळतो. वेळ आपल्या सोयीची, कार्यालयात जाण्याची गरज नाही आणि वर खरेदीही होते, अशा वर्णनामुळे हे काम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना आपल्यासाठीच असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला येणाऱ्या भेटी थोड्या असतात. त्या नेमक्या कोणत्या हे आधी समजून घेतले, तर वेळ वाचतो आणि फसवणूकही टळते.

वयाची अट कोठून येते

बहुतेक तपासणी संस्था नोंदणीसाठी किमान १८ वर्षांची अट घालतात. यामागे मुलांच्या निरीक्षणशक्तीविषयी अविश्वास नसून कराराचा प्रश्न असतो. मिस्टरी शॉपर हा संस्थेचा पगारी नोकर नसतो, तो स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करतो, म्हणजे नोंदणी करतानाच तो गोपनीयता, मुदत, मोबदला आणि कर यांविषयीच्या करारावर सही करतो. कायद्याच्या दृष्टीने अज्ञान, म्हणजे सज्ञान होण्याचे वय न गाठलेल्या, व्यक्तीने केलेला करार कोठे मुळातच निरर्थक ठरतो, तर कोठे ती व्यक्ती तो पुढे मोडू शकते. आपल्या ग्राहक कंपनीला गोपनीयतेची हमी देऊन बसलेली संस्था असा धोका पत्करत नाही.

सज्ञान होण्याचे वय सगळीकडे एकच नाही. भारतात १८७५ च्या कायद्यापासून ते सर्वसाधारणपणे १८ आहे. जपानने १ एप्रिल २०२२ पासून ते २० वरून १८ वर आणले. दक्षिण कोरियात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते १९ आहे, तर स्कॉटलंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार सोळाव्या वर्षापासूनच करार करता येतो. म्हणूनच एका देशातील संकेतस्थळावर वाचलेली अट दुसऱ्या देशात लागू होईल असे गृहीत धरू नये. आपण जेथे राहतो तेथील वय आणि ज्या संस्थेकडे अर्ज करायचा तिची स्वतःची अट, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांपैकी जी अट अधिक कडक असेल ती आपल्याला लागू आहे असे मानावे.

कराराखेरीज आणखी दोन कायदे आड येतात. पहिला बालकामगारांविषयीचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारात कामासाठीचे सर्वसाधारण किमान वय १५ ठेवले आहे, आणि शिक्षणात व आरोग्यात बाधा येणार नाही असे हलके काम १३ व्या वर्षापासून करण्यास राष्ट्रीय कायदे परवानगी देऊ शकतात. दुसरा कायदा वैयक्तिक माहितीचा. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमांनुसार, जेथे मुलाच्या संमतीच्या आधारे त्याची माहिती ऑनलाइन घेतली जाते, तेथे १६ वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते, आणि सदस्य देशांना ही मर्यादा १३ पर्यंत खाली आणता येते. नोंदणीचा अर्ज सुरुवातीलाच जन्मतारीख विचारतो त्यामागे हेही एक कारण आहे.

मग संधी कोणत्या

पहिला मार्ग पालकांबरोबर जाण्याचा. काही भेटींसाठी संस्थेला कुटुंबच हवे असते, कारण मुले बरोबर असलेल्या ग्राहकाला कशी वागणूक मिळते हेच तिला पाहायचे असते. अशा वेळी नोंदणी, करार आणि मोबदला आई किंवा वडिलांच्या नावावर राहतो आणि मूल सोबत जाते. मुलाने निरीक्षणात मदत करायला हरकत नाही, पण अहवाल नोंदणीकृत शॉपरनेच लिहायचा असतो. आईच्या नावाच्या खात्यातून मुलाने एकट्याने भेट देऊन अहवाल पाठवणे हा सरळसरळ करारभंग आहे. पावती, वेळ आणि वर्णन यांचा मेळ बसला नाही की ते उघडकीस येते आणि खाते कायमचे बंद होते.

दुसरा मार्ग पालकांच्या लेखी संमतीने नोंदणी करण्याचा. काही थोड्या संस्था १६ किंवा त्याहून कमी वयाच्या मुलांना विशिष्ट प्रकल्पापुरते घेतात. किशोरवयीनांसाठीचे कपडे, खेळ किंवा मोबाइल विकणाऱ्या दुकानात एकट्या आलेल्या मुलाकडे विक्रेता लक्ष देतो की नाही, हे चाळिशीच्या शॉपरला कसे कळणार? हे प्रकल्प वर्षभर चालू नसतात, त्यामुळे संस्थेच्या संपर्क पानावरून पालकांनीच विचारणा करणे बरे. तुमच्याकडे १८ वर्षांखालील शॉपरसाठी प्रकल्प असतात का, असल्यास किमान वय किती, संमतीपत्र कोणाचे लागते आणि मोबदला कोणाच्या खात्यात जमा होतो, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर टाळणाऱ्या संस्थेकडे पुन्हा जाऊ नये.

तिसरा मार्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे कमी वय हीच पात्रता असते. वयाची बंधने असलेल्या वस्तू अल्पवयीनांना विकल्या जातात का, याची पाहणी मुलांवाचून होऊच शकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, या शतकाच्या सुरुवातीपासून अशा पाहण्या केल्या. त्यांत १३ ते १६ वर्षांची मुले पालकांशिवाय दुकानांत आणि चित्रपटगृहांत पाठवली जात. मोठ्या वयासाठीचे मानांकन असलेले व्हिडिओ गेम विकत घ्यायला गेलेल्या मुलांपैकी २००० मध्ये ८५ टक्के मुलांना ते मिळाले होते, २०१३ मध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. तंबाखू आणि मद्याच्या विक्रीची तपासणी मात्र बहुधा सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली होते आणि तिचे नियम अधिक काटेकोर असतात. कॅलिफोर्नियात मद्यविक्रीच्या तपासणीसाठी पाठवलेली व्यक्ती २० वर्षांपेक्षा लहान असावी लागते, तिने ओळखपत्र बाळगले तर ते स्वतःचे आणि खऱ्या जन्मतारखेचे असावे लागते, आणि विक्रेत्याने वय विचारले तर खरे उत्तर द्यावे लागते.

या नियमात कामाची सारी रीत सामावलेली आहे. मुलगी वस्तू काउंटरवर ठेवते आणि विक्रेत्याने काही विचारण्याची वाट पाहते. त्याने वय विचारले तर ती खरे वय सांगते, ओळखपत्र मागितले तर स्वतःचे दाखवते किंवा नसल्याचे सांगते. त्याने नकार दिला तर गयावया न करता ती बाहेर पडते, कारण आग्रह केला की तपासणी राहत नाही, तो विक्रेत्यासाठी लावलेला सापळा होतो. विक्री झालीच तर वस्तू जवळ असलेल्या जबाबदार प्रौढाच्या ताब्यात जाते. हे काम यंत्रणेशिवाय, हौसेने किंवा ओळखीच्या कोणाच्या सांगण्यावरून कधीही करू नये, कारण अधिकृत परवानगी नसेल तर तीच खरेदी कायद्याचा भंग ठरू शकते.

अठरा पूर्ण झालेल्यांसाठी याच क्षेत्राचा शेजारचा भाग खुला होतो. ब्रिटनमध्ये अनेक दुकाने ‘चॅलेंज २५’ हे धोरण पाळतात, म्हणजे वयाची बंधने असलेली वस्तू घेणाऱ्या आणि पंचविशीपेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येक ग्राहकाकडे ओळखपत्र मागतात. ते खरोखर मागितले जाते का हे पाहण्यासाठी १८-१९ वर्षांचे शॉपर लागतात. त्यांची खरेदी पूर्णपणे कायदेशीर असते, त्यामुळे अल्पवयीनांच्या तपासणीतील गुंतागुंत येथे नसते.

वय वाढवून सांगू नये

नोंदणीच्या अर्जात जन्मवर्ष बदलणे एका क्षणाचे काम आहे, पण त्याचा लाभ शून्य असतो. मोबदला देताना ओळखपत्र, बँक खाते किंवा कर क्रमांक मागितला जातो आणि तेथे खोटी तारीख टिकत नाही. तोवर दोन-तीन भेटींचा खर्च स्वतःच्या खिशातून झालेला असतो आणि तो परत मागण्याचा हक्क राहत नाही.

फसवणूक ओळखण्याची खूण

मिस्टरी शॉपिंगच्या नावाने चालणारी फसवणूक इतकी जुनी आणि सर्वदूर आहे की पालकांनी हा भाग मुलांबरोबर बसून वाचावा. तिचा नेहमीचा प्रकार चेकचा. तुमची निवड झाली असे कळवून मोठ्या रकमेचा चेक पाठवला जातो, तो खात्यात भरून काही रक्कम स्वतःला ठेवावी आणि उरलेल्या रकमेतून गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक कळवावेत किंवा पैसे पाठवण्याच्या सेवेची ‘तपासणी’ म्हणून ती रक्कम अमुक व्यक्तीला पाठवावी, असे सांगितले जाते. चेक पूर्णपणे वटण्याआधीच बँक खात्यात रक्कम दाखवू शकते. तो खोटा असल्याचे कळायला कधी कधी आठवडे लागतात, आणि तोपर्यंत पाठवलेले पैसे गेलेले असतात. बँक ती रक्कम खातेदाराकडूनच वसूल करते. मुलाचे खाते पालकांबरोबर संयुक्त असेल तर भुर्दंड पालकांना बसतो.

दुसरा प्रकार नोंदणी शुल्काचा किंवा पैसे भरून मिळणाऱ्या ‘प्रशिक्षण प्रमाणपत्रा’चा. खरी संस्था शॉपर म्हणून नोंदवण्यासाठी पैसे घेत नाही. तिसऱ्या प्रकारात संदेशांतून सोपी कामे दिली जातात, सुरुवातीला किरकोळ रक्कम खरोखर खात्यात येते आणि विश्वास बसला की पुढच्या कामासाठी आधी अनामत भरायला सांगतात. न वापरलेल्या वस्तूला पाच तारे देण्याचे कामही कोणी मिस्टरी शॉपिंग म्हणून देऊ पाहील. ते खोटे अभिप्राय लिहिणे आहे, त्याचा या व्यवसायाशी संबंध नाही. संस्था खरी आहे का हे पाहण्यासाठी या व्यवसायाच्या एमएसपीए या संघटनेच्या सदस्य यादीत तिचे नाव शोधावे, आणि संदेशात आलेल्या दुव्यावरून न जाता संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर आपण होऊन जावे.

छुप्या कॅमेऱ्याने चित्रण करण्याचे किंवा संभाषण ध्वनिमुद्रित करण्याचे काम मात्र अल्पवयीनांनी स्वीकारूच नये. संमतीशिवाय केलेले ध्वनिमुद्रण अनेक ठिकाणी गुन्हा ठरते.

अहवाल लिहिण्याचा सराव

वय पूर्ण होईपर्यंतचा काळ सरावासाठी चांगला आहे, कारण या व्यवसायात शॉपरची किंमत दुकानातल्या वावरापेक्षा अहवालावर ठरते. ‘कर्मचारी उद्धट होता, मला ताटकळत ठेवले’ हे वाक्य संस्थेत अहवाल तपासणारी व्यक्ती परत पाठवते, कारण त्यात फक्त मत आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी ४ वाजून १० मिनिटांनी काउंटरपाशी उभा राहिलो. निळा सदरा घातलेला, चष्मा असलेला कर्मचारी फोनवर बोलत होता. ४ वाजून १४ मिनिटांनी त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे न पाहता “बोला” म्हणाला.’ वाचणाऱ्याला निष्कर्ष आपोआप समजतो आणि त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. कुटुंबाबरोबर नेहमीच्या खरेदीला गेल्यावर वेळा, शब्द आणि क्रम लक्षात ठेवावेत, दुकानात वही न काढता बाहेर पडल्यावर लगेच टिपून घ्यावेत आणि पावतीवरील वेळेशी ताडून पाहावेत. तो मजकूर त्याच दिवशी लिहून काढावा, कारण प्रत्यक्ष कामातही अहवालाची मुदत बहुधा २४ तासांच्या आसपास असते.

अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर नोंदणी करताना बऱ्याच संस्था लेखनाचा एक छोटा नमुना मागतात, तेथे हा सरावाचा अहवाल उपयोगी पडतो. पालकांबरोबर केलेल्या खऱ्या भेटीचा अहवाल मात्र नमुना म्हणून जोडू नये. तो ग्राहक कंपनीच्या मालकीचा असतो, आणि त्यावरील गोपनीयतेचे बंधन ज्यांनी सही केली त्या पालकांवर पुढेही राहते.