कात्री हातात घेण्याआधी तक्ता

जुन्या काळचा पोशाख किंवा शिरस्त्राण आज पुन्हा घडवायची हौस असेल, तर कापड निवडण्याआधी पुरावे नोंदवायला एक तक्ता उघडा. स्प्रेडशीट असेल तर उत्तम, वहीही चालते. 'आधी चित्रं जमवते, मग निवांत लावीन,' असं प्रत्येक जण म्हणतो. तो निवांतपणा कधीच उगवत नाही, आणि तोवर फोल्डरमध्ये नावगाव नसलेल्या शेकडो फोटोंचा ढीग झालेला असतो.

एका वस्तूला एक ओळ. वस्तू काय, कोणत्या काळातली, कुठे सापडली, आज कुठल्या संग्रहालयात आहे, तिथला नोंदणी क्रमांक काय, आणि आपल्याला ती कुठे दिसली (पुस्तक असेल तर पानासकट). या सगळ्यात नोंदणी क्रमांक सर्वांत मोलाचा. संकेतस्थळं बदलतात, दुवे मरतात, पण क्रमांक हाताशी असला की वस्तू पुन्हा शोधता येते. तरी एकच क्रमांक लिहून थांबू नका. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस इथे १९२१ साली मध्ययुगीन कपडे सापडले. त्यातला एक झगा उत्खननाच्या अहवालात ३९ क्रमांकाचा, तर कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात डी १०५८१. कोणी एका क्रमांकाने बोलतं, कोणी दुसऱ्या. दोन्ही लिहिले नसतील, तर एकच झगा तुमच्या तक्त्यात दोन पुरावे बनून बसतो आणि आपण खूश, की बघा, दोन ठिकाणी सापडलं!

यानंतरचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे: पुरावा कोणत्या जातीचा? मी चार जाती मानते. मूळ वस्तू, त्या काळचं चित्र, त्या काळचा मजकूर, आणि नंतर कोणीतरी केलेली पुनर्रचना. चौथी जात फार फसवी. इंग्लंडमधल्या सटन हू इथलं जुनं शिरस्त्राण घ्या. १९३९ च्या उत्खननात ते शेकडो तुकड्यांत सापडलं. ब्रिटिश म्युझियममध्ये ते १९४०च्या दशकात एकदा जुळवलं, मग सोडवून १९७०–७१ मध्ये नव्याने जुळवलं, आणि दोन्ही वेळची ठेवण वेगळी आहे. शिवाय एक चकचकीत प्रतिकृती आहे. तिन्हींचे फोटो एकाच नावाने फिरतात. जुन्या पुस्तकातला फोटो बघून पत्रा ठोकायला बसलात, तर तज्ज्ञांनीच मागे टाकलेला आकार तुम्ही मन लावून घडवाल. म्हणून फोटोसमोर पुनर्रचना कितवी, कोणत्या साली केलेली, हे लिहायचंच.

चित्रांचा घोळ निराळा. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत एम. ६३८ या क्रमांकाचं सचित्र हस्तलिखित आहे. गोष्टी बायबलच्या जुन्या करारातल्या, पण माणसांच्या अंगावर तेराव्या शतकातल्या फ्रान्सचे कपडे. तक्त्यात काळ लिहायचा तो चित्र काढल्याचा, गोष्टीचा नव्हे. हस्तलिखिताला पान क्रमांक पुरत नाही, त्या पानाची पुढची बाजू की मागची तेही लिहा.

फाइलच्या नावात काळ, वस्तू, संग्रहालय, क्रमांक, याच क्रमाने. यादी आपोआप काळानुसार लागते. एक प्रत संगणकाबाहेर ठेवा.

फोल्डर मात्र पुस्तकं, फोटो, लेख असे करू नका. बाही, गळा, शिवण, बंद असे करा, कारण शिवायला बसल्यावर प्रश्न 'बाही कशी जोडली होती?' असाच पडतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'यातून मी काय घेतलं' हे एका वाक्यात लिहा. हेर्योल्फ्सनेसच्या झग्यापुढे मी 'कापडाची बेतणी आणि शिवण' एवढंच लिहीन, रंग नाही. ते कपडे आज तपकिरी दिसतात, पण शतकानुशतकं मातीत राहिल्याचा परिणाम त्यात मोठा आहे.

काही फोल्डर रिकामे राहतील. राहू द्या. मला गळपट्टीच्या आतल्या शिवणीला पुरावा मिळाला नाही, तर तिथे ठळक 'अंदाज' लिहून मी कात्री चालवते. मात्र ती ओळ कापण्याआधी लिहायची. कापल्यावर लिहायला बसलं, की त्या अंदाजाला कुठून तरी पुरावे फुटू लागतात.